रंगीत खोडांची हिवाळी झुडपे

पानगळ झाल्यावर ज्यांच्या कोवळ्या फांद्यांची साल लाल, पिवळी, नारिंगी, काळपट जांभळी किंवा पांढरी दिसते, अशी झुडपे थंड समशीतोष्ण प्रदेशांतील बागांत हिवाळ्याच्या शोभेसाठी मुद्दाम लावतात. उत्तर गोलार्धात नोव्हेंबर ते मार्च या काळात तिथे फुले क्वचितच असतात. जी फुलतात त्यांचा बहर काही आठवड्यांत ओसरतो. फांद्यांचा रंग मात्र पानगळीपासून नवी पालवी फुटेपर्यंत टिकतो.

या झुडपांत डॉगवूड म्हणजेच कॉर्नस प्रजातीचा मान पहिला. सायबेरिया, उत्तर चीन आणि कोरिया येथील कॉर्नस आल्बाचा ‘सिबिरिका’ हा वाण गडद तांबड्या फांद्यांसाठी, तर ‘केसेलरिंगी’ जवळजवळ काळ्या वाटणाऱ्या जांभळ्या फांद्यांसाठी लावतात. उत्तर अमेरिकेतील कॉर्नस सेरिसियाच्या ‘फ्लाविरामिया’ या वाणाच्या फांद्या हिरवट पिवळ्या असतात. युरोपीय कॉर्नस सँग्विनियाच्या ‘मिडविंटर फायर’ या वाणात एकाच फांदीवर बुंध्याशी पिवळा, मध्यावर नारिंगी आणि शेंड्याला लाल रंग चढतो. पांढऱ्या विलोचा (वाळुंजाचा) ‘ब्रिट्झेन्सिस’ हा वाण शेंदरी रंगाचा आहे. चीनमधील रुबस कॉकबर्नियानस या काटेरी झुडपाच्या जांभळ्या खोडांवर मेणाचा पांढरा थर असतो. तो बोटाने सहज पुसला जातो, म्हणून हे झुडूप वाटेपासून जरा आत लावलेले बरे.

लाल रंग सालीतल्या अँथोसायनिन या रंगद्रव्यामुळे येतो. उन्हाळ्यात याच फांद्या बऱ्याच अंशी हिरव्या असतात. दिवस लहान होऊ लागले की लाली चढते आणि वसंतात पुन्हा ओसरते. रंग चढायला ऊन लागते. डॉगवूडची फांदी जवळून पाहिली तर उन्हाकडची बाजू लालभडक आणि सावलीकडची हिरवट दिसते. सालीवर वल्करंध्रांचे, म्हणजे हवेची ये-जा होणाऱ्या बारीक छिद्रांचे, फिकट ठिपके असतात, कळ्या समोरासमोर जोडीने फुटलेल्या असतात. फांदी दोन-तीन वर्षांची झाली की साल राखाडी, खरखरीत होते आणि तिचा रंग कायमचा जातो. सावलीत लावलेले किंवा वर्षानुवर्षे न छाटलेले डॉगवूड हे इतर कोणत्याही झुडपासारखेच मळकट दिसते.

त्यामुळे या लागवडीत खरे महत्त्व छाटणीला आहे. लागवडीनंतर एक-दोन वर्षे झुडपाला मूळ धरू द्यावे. मग हिवाळ्याच्या अखेरीस, कळ्या फुगून फुटण्याच्या बेतात असताना, सगळ्या फांद्या जमिनीपासून ५ ते ८ सेंमी. ठेवून कापाव्यात. नुसते खुंट उरलेले पाहून नवख्याचा हात थबकतो, पण इथे कच खाण्याचे कारण नाही. जोमदार झुडूप त्याच हंगामात दीडएक मीटर उंचीचे सरळ फुटवे देते आणि पुढच्या हिवाळ्यात रंगतात ते हेच फुटवे. वरवर शेंडे खुडत राहणे ही सर्वांत वाईट छाटणी : तळाशी जुनी करडी खोडे वाढतात आणि रंग फक्त टोकाला राहतो.

‘मिडविंटर फायर’ मात्र नाजूक. ते दरवर्षी सपाट कापले तर खंगते. त्याच्या सर्वांत जुन्या एकतृतीयांश फांद्याच बुडापासून काढाव्यात. ‘ब्रिट्झेन्सिस’ न छाटता सोडला तर त्याचा मोठा वृक्ष होतो, म्हणून तो जमिनीलगत किंवा ठरावीक उंचीच्या बुंध्यावर नियमाने कापतात. रुबसची फळून गेलेली जुनी खोडे वसंताच्या सुरुवातीला जमिनीलगत काढतात. डॉगवूड फुलते ते मागील वर्षाच्या फांद्यांवर, त्यामुळे दरवर्षी पूर्ण छाटणी केली की फुले-फळे जवळजवळ मिळत नाहीत. ज्यांना दोन्ही हवे त्यांनी निम्म्याच फांद्या कापाव्यात. छाटणीनंतर बुडाशी कुजलेले खत पसरणे आवश्यक, कारण एवढी वाढ दरवर्षी नव्याने करायची तर झुडपाला पोसावेच लागते.

डॉगवूड आणि विलो यांना ओलसर, चिकणमातीची जमीनही चालते. विलोची मुळे पाण्याच्या शोधात दूर जातात, म्हणून तो घराच्या पायापासून आणि सांडपाण्याच्या नळांपासून लांब लावावा. कॉर्नस सेरिसिया थंडीला विलक्षण काटक आहे. पूर्ण सरावलेल्या त्याच्या फांद्या प्रयोगशाळेत द्रवरूप नायट्रोजनच्या −१९६° से. तापमानातूनही वाचल्या आहेत. उलट उष्ण व दमट उन्हाळा डॉगवूडला मानवत नाही, आणि थंड हिवाळा नसलेल्या प्रदेशात या प्रकारची लागवड साधत नाही.

एकटे झुडूप फिके पडते. एका रंगाची निदान तीन-पाच झुडपे एकत्र हवीत. हिवाळ्यातला सूर्य क्षितिजालगत असतो, त्याची तिरपी किरणे फांद्यांवर पडतील अशी जागा निवडावी. मागे यूसारख्या सदाहरित झाडाची गडद भिंत असली की लाल-पिवळा रंग उठून दिसतो, आणि पाण्याच्या कडेला तो प्रतिबिंबामुळे दुप्पट होतो. बुडाशी स्नोड्रॉप, हेलेबोर किंवा बर्जेनिया ही बुटकी फुलझाडे लावतात. इंग्लंडमधील केंब्रिजशरमध्ये अँगलसी ॲबी येथे १९९८ साली खुल्या झालेल्या हिवाळी बागेत अशा झुडपांमधून नागमोडी वाट जाते आणि ती हिमालयातील पांढऱ्या सालीच्या भूर्जवृक्षांच्या राईत संपते.

बियांपासून केलेल्या रोपांत वाणाचा रंग हुबेहूब उतरेल याची खात्री नसते, म्हणून अभिवृद्धी छाट कलमांनीच करतात. पानगळीनंतर पेन्सिलीएवढ्या जाडीच्या फांदीचे २० ते ३० सेंमी. लांबीचे तुकडे कळीच्या खाली कापून, दोनतृतीयांश भाग मातीत जाईल असे उघड्यावरच रोवतात. शेंडा वरच राहील याची काळजी घ्यावी, उलटे रोवलेले कलम रुजत नाही. रुजलेली रोपे पुढच्या पानगळीनंतर कायमच्या जागी हलवता येतात.