रनसी कुठं गेला? इंजिन आणि रनटाइममधल्या बोलण्याची पार्श्वभूमी

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका चादर कारखान्याचे सर्व्हर मी सांभाळतो. तिथं शिकायला येणाऱ्या मुलानं परवा चालू प्रोसेसची यादी दाखवून विचारलं, "सर, कंटेनर चालू आहे, पण रनसी कुठंय? इथं नुसता शिम दिसतोय."

प्रश्न अगदी नेमका होता. कंटेनर म्हणजे बाकीच्यांपासून वेगळ्या ठेवलेल्या प्रोसेसचा कप्पा. त्याचा कारभार बघतं ते इंजिन, तो प्रत्यक्ष उभा करतो तो रनटाइम. रनसी हा असा एक रनटाइम, आणि शिम हा दोघांच्या मधला छोटा प्रोग्रॅम. त्याच्या उत्तरासाठी दहा-बारा वर्षं मागं जावं लागतं.

डॉकर हे कंटेनरचं इंजिन. मार्च २०१३ मध्ये तो लोकांसमोर आला तेव्हा कंटेनर उभा करायचं काम तो एलएक्ससी या लिनक्सवरच्या कंटेनर-साधनाकडून करून घ्यायचा. वर्षभरानं, ०.९ आवृत्तीत, त्यानं स्वतःची लिबकंटेनर ही लायब्ररी आणली. आता सगळं एकाच प्रोग्रॅमच्या पोटात होतं, त्यामुळं इंजिन आणि रनटाइम यांनी एकमेकांशी बोलायचा प्रश्नच नव्हता. पण डॉकरचा डीमन, म्हणजे पडद्यामागं सतत चालणारा प्रोग्रॅम, बंद केला की त्याच्याखालचे कंटेनरही बंद पडायचे.

२०१४ च्या डिसेंबरात कोअरओएस या कंपनीनं रॉकेट हा स्वतंत्र पर्याय जाहीर केला. दोन घराणी होतात की काय, अशी चिन्हं दिसू लागली. जून २०१५ मध्ये कंटेनरचे सामाईक नियम ठरवणाऱ्या ओसीआयची (ओपन कंटेनर इनिशिएटिव्ह) स्थापना झाली, आणि डॉकरनं लिबकंटेनरवर बेतलेला रनसी तिच्या हवाली केला. एप्रिल २०१६ मध्ये डॉकर १.११ आला तो कामाची वाटणी करूनच: वर इंजिन, खाली कंटेनर सांभाळणारा डीमन कंटेनरडी, त्याखाली शिम आणि शेवटी रनसी.

यातलं शेवटचं बोलणं मला सगळ्यात देखणं वाटतं. कंटेनरची फाइलव्यवस्था आणि कॉन्फिग.जेसन ही सूचनांची फाइल एका फोल्डरमध्ये तयार ठेवतात. शिम 'रनसी क्रिएट' ही आज्ञा चालवतो. रनसी नेमस्पेस (प्रोसेसला काय दिसेल याच्या भिंती) आणि सीग्रुप (ती किती साधनं वापरेल याची मर्यादा) लावून प्रोसेस जन्माला घालतो, पण ती एका फिफोपाशी, म्हणजे दोन प्रोसेसना जोडणाऱ्या नळीपाशी, अडून राहते. मग 'रनसी स्टार्ट' येतो, फिफोचं दुसरं टोक उघडतो आणि आतला खरा प्रोग्रॅम सुरू होतो. दोन्ही वेळा रनसी आपलं काम उरकून निघून जातो. मागं राहिलेली प्रोसेस लिनक्स शिमच्या पदरात टाकतं, कारण शिमनं तसं आधीच सांगून ठेवलेलं असतं. टर्मिनल हवं असेल तर रनसी त्याची दोरी, म्हणजे फाइल डिस्क्रिप्टर, एका सॉकेटवरून (दोन प्रोग्रॅमनी बोलायच्या वाटेवरून) शिमच्या हाती देतो.

त्या मुलाचे वडील यंत्रमागावर जॉबर आहेत. जॉबर बीम चढवतो, माग लावून देतो आणि पुढच्या मागाकडे जातो. मागापाशी थांबतो तो विणकर. एवढं सांगितलं आणि त्याचा चेहरा खुलला.

गंमत पुढंच आहे. जुलै २०१७ मध्ये ओसीआयचं रनटाइम स्पेसिफिकेशन १.० झालं. त्यात स्टेट, क्रिएट, स्टार्ट, किल, डिलीट ही पाच कामं सांगितली आहेत, पण आज्ञा कशी लिहायची हे ठरवलेलं नाही. हे कमांड लाइनचे नियम नव्हेत, असं तिथं स्पष्ट म्हटलंय. मग सीरन, युकी, जीव्हायझरचा रनएससी या दुसऱ्या रनटाइमनी काय केलं? आज्ञा लिहायची रनसीची सवय उचलली. माझ्या मते खरं प्रमाण त्या सवयीनंच घडवलं.

काटा कंटेनर्स या रनटाइमला हा अंगरखा तोकडा पडला. त्यात पूर्ण व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरनं उभा केलेला संगणक, असतं आणि ते सतत जागं लागतं. २०१८ मध्ये कंटेनरडी १.२ नं शिमची दुसरी आवृत्ती आणली. इंजिन आता शिमशी टीटीआरपीसी या निरोप धाडायच्या हलक्या पद्धतीनं ठरलेल्या भाषेत बोलतं. खाली रनसी आहे की व्हर्च्युअल मशीन, ते शिमनं बघायचं. पॉडमन आणि क्राय-ओ या दुसऱ्या इंजिनांकडं शिमची जागा कॉनमॉन नावाचा प्रोग्रॅम घेतो.

वरच्या मजल्यावर, अनेक यंत्रांवरचे कंटेनर सांभाळणाऱ्या कुबरनेटीसनं डिसेंबर २०१६ मध्ये, १.५ आवृत्तीत, सीआरआय ही इंजिनांशी बोलायची भाषा आणली. डॉकरला ती भाषा येत नव्हती म्हणून मध्ये डॉकरशिम नावाचा दुभाषा ठेवला, तो २०२२ मध्ये १.२४ आवृत्तीत काढून टाकला. त्या वेळी डॉकरच्या सॉकेटवर कान लावून बसलेली आमची देखरेखीची स्क्रिप्ट एका रात्रीत मुकी झाली, आणि सकाळपर्यंत मला पत्ता नव्हता.

'तुला काय काय जमतं?' हे इंजिननं रनटाइमला विचारायची सोय तर फारच उशिरा झाली. रनसी १.१ मध्ये फीचर्स ही आज्ञा आली, आणि २०२३ च्या स्पेसिफिकेशन १.१ मध्ये तिच्या उत्तराचा साचा ठरला.

संध्याकाळी त्या मुलानं रनसीच्या जागी सीरन लावला. कंटेनर तसाच चालला. यादीत शिमचं नाव मात्र तेच राहिलं: कंटेनरडी-शिम-रनसी-व्ही२.