हॉर्न किती पट्ट्या घसरला?

२०२५ च्या एप्रिलमध्ये नितीन गडकरींनी सांगितलं होतं की गाड्यांचे हॉर्न बासरी, तबला, व्हायोलिन, हार्मोनियम अशा वाद्यांच्या आवाजात असावेत असा कायदा आणायचा विचार आहे. आमच्या सायकलच्या ग्रुपवर दोन दिवस त्यावरच मेसेज चालले, आणि बहुतेकांचं म्हणणं एकच, की आवाज गोड झाला तरी कानाशी वाजायचा तो वाजणारच. ते बरोबरच आहे. पण मला त्या बातमीतला हार्मोनियम काही सोडेना, कारण हॉर्न आणि पेटी यांचं एक नातं आहे जे सायकल चालवणाऱ्याच्या फार कामाचं आहे.

त्याच्या थोडं आधी आम्ही चार जण एका कार्यालयात गेलो होतो, आमच्या रस्त्यावर गाड्या भयंकर जोरात जातात, सायकलवर जीव मुठीत धरून जावं लागतं, हे सांगायला. तिथले साहेब म्हणाले, "हे तुमचं मत झालं, आकडा आहे का?" आकडा नव्हता, स्पीड गन आम्ही कुठून आणणार. मग एकाने मोबाईलवरचं डेसिबल अ‍ॅप दाखवलं, की बघा चौकात शंभर येतंय.

इथेच बरेच जण फसतात. मोबाईलचा माइक बोलणं नीट ऐकू जावं म्हणून बनवलेला असतो, आवाज फार वाढला की फोन आपणहून पातळी खाली ओढतो, कमी झाला की वर उचलतो, आणि खिशात ठेवला, कव्हर घातलं, वारा लागला की आकडा परत बदलतो. मुंबईत ध्वनिप्रदूषणाविरुद्ध काम करणाऱ्या कार्यकर्त्या सुमैरा अब्दुलाली यांनी आवाजाविरुद्धची लढाई हायकोर्टापर्यंत नेली ती नुसत्या तक्रारी करून नाही, मीटर हातात घेऊन, रस्त्यावर उभं राहून, मोजून. तसा तपासलेला मीटर नसेल तर डेसिबलवरून भांडायला जाऊच नये, पहिल्याच प्रश्नाला आपण गप्प होतो. आणि वेग तर त्यातून कळतच नाही.

पण एक गोष्ट साधा फोनही बिघडवत नाही, ती म्हणजे स्वर. फोनच्या आत क्वार्ट्झचं घड्याळ असतं, त्याच्या ठेक्यावर माइक सेकंदाला साधारणपणे ४४,१०० किंवा ४८,००० वेळा हवेच्या दाबाची नोंद घेतो, आणि ते घड्याळ चुकलंच तर लाखात काही भाग एवढंच चुकतं. आवाज मोठा येवो की बारीक, ४२० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ४२० लाटांचा, हॉर्न ४२० च नोंदला जातो. आणि वेग लपलेला असतो तो या स्वरातच.

शाळेत डॉप्लर परिणाम वाचलेला आठवत असेल. ६० च्या वेगाने जाणारी गाडी सेकंदाला साधारण १६.७ मीटर पुढे सरकते आणि २५ अंश तापमानाला आवाज सेकंदाला ३४६ मीटर जातो. गाडी आपल्याच लाटांच्या मागे धावत असते, त्यामुळे हॉर्नच्या ज्या ४२० लाटा ३४६ मीटरमध्ये पसरल्या असत्या त्या पुढच्या बाजूला ३२९ मीटरमध्ये दाटीने बसतात आणि मागच्या बाजूला ३६३ मीटरवर ताणल्या जातात. समोरून पाच टक्के चढा, मागून पाच टक्के उतरा, म्हणजे गाडी आपल्याला ओलांडून गेली की स्वर एकूण दहा टक्के पडतो. हॉर्नचा मूळ स्वर किती होता हे माहीत असायची गरजच नाही, दोन्हींचं गुणोत्तर मिळालं की झालं!

आता पेटी काढा. काळ्या-पांढऱ्या सगळ्या धरून लगतच्या दोन पट्ट्यांच्या स्वरांमध्ये गुणोत्तर असतं सुमारे १.०५९५. हे डॉप्लरच्या गणितात घातलं की वेग येतो सेकंदाला १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर. दोन पट्ट्यांना ७२. तीनला १०८ च्या जवळपास. मी हे पहिल्यांदा कागदावर केलं तेव्हा विश्वास बसेना म्हणून तीनदा केलं. फुटपाथवर उभं राहून ऐकताना हॉर्न एका पट्टीपेक्षा जास्त घसरला तर ती गाडी ३६ च्या वर आहे, बस, एवढंच लक्षात ठेवायचं. २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात जिथे माणसं, सायकली आणि गाड्या एकत्र असतात तिथे ताशी ३० ची मर्यादा सुचवलीय, आणि ३० म्हणजे एक पट्टीसुद्धा नाही.

हे कानाने करायची कल्पना माझी नाही. डॉप्लरने १८४२ मध्ये सिद्धांत मांडला तो ताऱ्यांच्या रंगांसाठी, पण त्याची परीक्षा झाली आवाजावर, १८४५ मध्ये, नेदरलँड्समधल्या उट्रेख्तजवळ. बाईस बालॉट या शास्त्रज्ञाने आगगाडीवर तुतारीसारखी वाद्यं वाजवणारे बसवले आणि रुळाशेजारी पक्क्या कानाचे वादक उभे केले, जे स्वर किती पडला ते ऐकून सांगत. त्याच उट्रेख्तच्या स्टेशनात आज १२,५०० सायकली उभ्या राहतील असा तळ आहे, २०१९ मध्ये पूर्ण झालेला.

आपण स्वतः सायकलवर असलो तर थोडा फरक करायचा. मागून येणाऱ्या गाडीपासून आपण पळत असतो म्हणून स्वर घसरतो तो साधारण दोघांच्या वेगातल्या फरकाएवढा. तुम्ही १५ ने जाताय, स्वर सव्वा पट्टी पडला, म्हणजे फरक ४५ चा आणि गाडी ६० ला.

माझा सगळ्यात आवडता भाग पुढे आहे. गाडी जवळ येताना स्वर चढत जातो असं अनेकांना वाटतं, पण वाढत जातो तो आवाज. स्वर आधीपासूनच चढलेला असतो आणि गाडी शेजारी येते तेव्हा उतरायला लागतो. ती लांबून गेली तर उतार मींडेसारखा असतो, अंगाला घासून गेली तर एकदम कडेलोट. या उताराचा मधला ७० टक्के भाग किती वेळात झाला ते बघा, त्याला दोघांच्या वेगातल्या फरकाने गुणा आणि दोनने भागा, की गाडी किती अंतरावरून गेली ते निघतं. फरक ४५ चा, म्हणजे सेकंदाला १२.५ मीटर, आणि उतार ०.१६ सेकंदाचा, तर अंतर बरोब्बर १ मीटर. यात एक अडचण आहे, स्वर ओळखायला लाटा मोजाव्या लागतात, आणि तुकडा एक दशांश सेकंदाचा घेतला तर फूरिए पृथक्करणात, म्हणजे आवाजातले स्वर वेगळे काढायच्या गणितात, १० हर्ट्झपेक्षा बारीक फरक उलगडत नाही, तुकडा मोठा घेतला तर उतारच पुसट होतो, त्यामुळे १ मीटर की ४ मीटर हे नक्की सांगता येतं पण १ की सव्वा हे नाही.

स्वराचा विषय निघालाय तर ते ४३२ हर्ट्झचं पण सांगतो. ४४० ऐवजी ४३२ हर्ट्झचं संगीत ऐकलं की रोग बरे होतात असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतं. ४४० हर्ट्झची बासरी वाजवत कुणी सायकलवरून ताशी २३ च्या वेगाने तुमच्यापासून लांब गेला तर तुम्हाला ४३२ च ऐकू येतं, आणि त्याने आजवर कुणाचा सर्दी-खोकलाही गेलेला नाही.

आमची पद्धत साधी आहे. फोन फुटपाथवर स्थिर धरायचा, हॉर्न ओलांडण्याआधी सुरू होऊन नंतरही वाजत राहिला असेल तेवढीच क्लिप ठेवायची, ऑडॅसिटी नावाच्या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वराचा आलेख बघायचा. माणसांचं बोलणं कापून टाकायचं, गाडीचे नंबर लिहायचे नाहीत, कारण आम्हाला कुणाला पकडायचं नाहीये, रस्ता बदलून हवाय. कान पक्का करायला मित्राची आई मदतीला आली, काकू वर्षानुवर्षं पेटी शिकवतात. क्लिप ऐकून त्या म्हणतात, "ही दीड पट्टी," आणि कॉम्प्युटर म्हणतो ५३.

साहेबांना आम्ही क्लिप वाजवून दाखवली, मग पेटीवरच्या दोन पट्ट्या. त्यांनी परत एकदा लावायला सांगितली आणि विचारलं, शाळेसमोरच्या रस्त्याचं आहे का असं काही? आता सोमवारी शाळा सुटायच्या वेळेला जातोय. काकू म्हणाल्या, फोनवर नको, मी स्वतः तिथे उभी राहून ऐकते.