ऑपरेशन पुढे, रक्तस्राव मागे

विदर्भातल्या खेड्यांतून एखादे वृद्ध माणूस मेंदूच्या ऑपरेशनसाठी नागपूरला किंवा सेवाग्रामला नेले जाते, तेव्हा त्याचे कारण अनेकदा महिनाभरापूर्वी न्हाणीत पाय घसरून पडणे आणि त्यानंतर कवटीखाली हळूहळू साचलेले रक्त हेच असते. कवटीला छिद्र पाडून ते काढले की बहुतेक रुग्ण सुधारतात. मात्र शंभरातल्या एकालाही होत नाही इतक्या क्वचित, वरच्या भागातील ऑपरेशननंतर डोक्याच्या मागच्या बाजूला, लहान मेंदूत, नवाच रक्तस्राव आढळतो. मग डॉक्टरने भलतीच शीर कापली अशी कुजबुज सुरू होते, कोणी अमावस्येला बोल लावतो. वास्तविक हत्यार तिथवर पोचलेलेच नसते, आणि अमावस्या तर दर महिन्याला येते.

खरे कारण पाण्यात आहे. सुमारे १४०० ग्रॅमचा मेंदू मस्तिष्कमेरुद्रवात, म्हणजे मेंदू व मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यासारख्या द्रवात, तरंगत असल्यामुळे, आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार, त्याचे वजन जेमतेम ५० ग्रॅम भरते. हा द्रव एका वेळी सुमारे १५० मिलिलिटर असतो आणि तासाला साधारण २० मिलिलिटर नव्याने तयार होतो. ऑपरेशनमध्ये किंवा नंतर निचऱ्यासाठी बसवलेल्या नळीवाटे तो त्याहून वेगाने निघून गेला, तर आधार सुटून लहान मेंदू खाली ओघळतो. विहिरीतली बादली पाण्याबाहेर येताच दोर जसा ताणला जातो, तशा लहान मेंदूच्या वरच्या पृष्ठभागावरून वर जाणाऱ्या नीला, म्हणजे रक्त परत नेणाऱ्या वाहिन्या, ताणल्या जाऊन अरुंद होतात. धमन्या रक्त आणतच राहतात, पण बाहेरची वाट आवळलेली असते. शिवाय भोवतालचा दाब घटल्याने रक्तवाहिन्यांचा भित्तीपार दाब, म्हणजे आतल्या व बाहेरच्या दाबांतील फरक, वाढतो आणि बारीक नीलांतून रक्त पाझरू लागते. वृद्धांचा मेंदू आकसलेला असल्याने त्याला सरकायला जागाही अधिक मिळते.

हे रक्त लहान मेंदूच्या घड्यांमध्ये उतरते, त्यामुळे सीटी स्कॅनवर एकाआड एक पांढरे व करडे पट्टे दिसतात, ज्याला डॉक्टर ‘झेब्रा’ची खूण म्हणतात. काही रुग्णांत याखेरीज कोणतेच लक्षण नसते. काही शुद्धीवर उशिरा येतात, गुंगीत राहतात किंवा त्यांचा तोल जातो. बहुतेकदा नळीचा निचरा थांबवून किंवा कमी करून, पुन्हा स्कॅन काढून लक्ष ठेवणे पुरते. द्रवाची वाट अडून मेंदूत पाणी साचले, तर मात्र पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. खाटेला टांगलेली निचऱ्याची पिशवी किती उंचीवर असावी, हे डॉक्टरांनी विचारपूर्वक ठरवलेले असते. चादर बदलताना नातेवाइकांनी ती परस्पर खाली सरकवू नये, कारण पिशवी खाली गेली की द्रव अधिक वेगाने निघून जातो.