आढ्याखाली दव का पडतं?

दिवाळीपासून दिवाणखान्याच्या कोपऱ्यात पडून असलेला आकाशकंदील एकदाचा माळ्यावर टाकावा, म्हणून जानेवारीतल्या एका सकाळी शिडी लावली. उत्तर इंग्लंडातलं जुनं घर, वर उतरतं छप्पर. झाकण सरकवून टॉर्च मारला, तर वरून मोत्यांचा सडा पडल्यासारखं काहीतरी चमकलं. रिपांतून आरपार आलेल्या खिळ्यांच्या टोकांवर एकेक थेंब लटकत होता. कौलांखालच्या कापडावर हात फिरवला, तर पंजा ओला. खालच्या पुठ्ठ्याच्या खोक्याचा तळ भिजलेल्या पावासारखा झालेला.

छप्पर गळतंय, हा पहिला विचार. पण आठवडाभर पाऊस नव्हता; नुसती कडक थंडी आणि निरभ्र आकाश. शिवाय दोनच वर्षांपूर्वी सगळं छप्पर उतरवून नवं केलं होतं. 'ब्रीदेबल मेम्ब्रेन घातलंय, आता काळजी नको,' असं कारागीर सांगून गेला होता. म्हणजे कौलांखालचं हेच कापड, जे पाऊस अडवतं पण बाष्प जाऊ देतं. मग श्वास घेणाऱ्या छपराला घाम कसा फुटला?

पाणी बाहेरून आलं नव्हतं, ते आमचंच होतं. चार माणसांचं घर श्वास, अंघोळी, स्वयंपाक आणि घरात वाळत घातलेले कपडे यांतून दिवसाला साधारण दहा लिटर पाणी हवेत सोडतं. खोलीत २० अंश सेल्सिअस तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असेल, तर एका घनमीटर हवेत दहा ग्रॅमच्या आसपास बाष्प असतं. हीच हवा शून्य अंशावर आली, की तिला जेमतेम पाच ग्रॅम पेलवतं. उरलेलं पाणी जो पृष्ठभाग गार सापडेल त्यावर उतरतं, आणि लोखंडी खिळ्याइतकं गार माळ्यावर दुसरं काय असणार?

गंमत अशी, की घर जितकं उबदार करावं तितका माळा थंड होतो. छताच्या तक्तपोशीवर आता २७० मिलिमीटर जाडीची लोकर अंथरतात. उष्णता खालीच अडते, माळ्यावर बाहेरच्याइतकाच गारठा राहतो. बाष्प मात्र झाकणाच्या फटीतून, दिव्यांच्या भोकांतून वर जातच राहतं.

कोकणातल्या कौलारू घराला हा प्रश्न कधी पडला नाही. तिथे आत-बाहेर तापमान जवळपास एकच, आणि मंगलोरी कौलांच्या सांध्यांतून चुलीचा धूरसुद्धा सहज निघून जातो. पावसाळ्याआधी घर शाकारलं, की झालं. इंग्लंडातही पूर्वी स्लेटच्या दगडी कौलांखाली काहीच नसे. फार तर आतून केस मिसळलेल्या चुन्याचा गिलावा फिरवत. पुढे डांबरी फेल्ट, म्हणजे डांबर मुरवलेलं जाड कापड, आलं. वारा आणि पाऊस थांबला, पण बाष्पही आतच अडकलं. त्यावर उतारा म्हणून हे ब्रीदेबल कापड आलं.

कापड म्हणायचं, पण ते विणलेलं नसतं. नेहमीच्या प्रकारात पॉलिप्रॉपिलीनच्या तंतूंच्या दोन थरांमध्ये एक पातळ फिल्म असते. प्लॅस्टिकमध्ये चुनखडीची अगदी बारीक पूड मिसळून ती फिल्म ताणतात. प्रत्येक कणाभोवती प्लॅस्टिक सुटतं आणि अतिसूक्ष्म छिद्रांची जाळी तयार होते. पाण्याचा रेणू एका नॅनोमीटरपेक्षाही लहान, छिद्र त्याच्या शेकडो पट मोठं, म्हणून बाष्प सहज जातं. मग पावसाचं पाणी का जात नाही? अळूच्या पानावरचा थेंब आठवा. पान पाण्याला जवळ करत नाही, म्हणून थेंब गोळा होऊन घरंगळतो. हे प्लॅस्टिकही तसंच पाण्याला नाखूश. एक मायक्रॉन रुंदीच्या अशा छिद्रात पाणी घुसवायचं, तर पृष्ठताणावर मात करायला कित्येक मीटर उंचीच्या पाण्याइतका दाब लागतो. दुसऱ्या प्रकारच्या फिल्मला भोकं नसतातच. तिच्यात पाण्याचे रेणू एका बाजूने विरघळतात आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडतात.

कापड निवडताना दुकानदार तोंडभरून स्तुती करतो ती 'श्वासा'ची. लेबलवर पाहायची ती एसडी व्हॅल्यू. हे कापड किती जाडीच्या स्थिर हवेइतका अडथळा करतं, ते त्या आकड्यातून कळतं. चांगल्या मेम्ब्रेनची ०.०२ मीटर, म्हणजे दोन सेंटिमीटर हवा. ब्रिटिश मानकात 'कमी अडथळ्याचं' म्हणवून घ्यायला पाच सेंटिमीटरची मर्यादा आहे. डांबरी फेल्टचा अडथळा याच्या कित्येक पट.

आमच्या कापडाचा आकडा उत्तम होता. घोडं पेंड खात होतं ते वेगळ्याच ठिकाणी. मेम्ब्रेन हवा ओढत नाही, पंख्यासारखी फेकतही नाही. बाष्प तिच्यातून जातं ते केवळ आतल्या आणि बाहेरच्या बाष्पदाबात फरक असतो म्हणून. आता त्या थंड रात्रीचा हिशेब मांडू. शून्य अंशाला बाष्पदाब ६११ पास्कलच्या वर जाऊच शकत नाही. त्यापुढचं बाष्प थेंब होतं. बाहेर शून्य अंश आणि ९० टक्के आर्द्रता, म्हणजे ५५० पास्कल. ढकलायला उरले फक्त ६०. तेवढ्या रेट्यावर साठ चौरस मीटर छपरातून चोवीस तासांत ढोबळमानाने तीन लिटर बाष्प बाहेर पडेल. माळ्यावर त्याहून जास्त चढत असेल, तर उरलेलं कापडालाच चिकटणार.

आणि आकाश निरभ्र असेल तर तेवढंही नाही. उघड्यावर लावलेल्या गाडीच्या काचेवर हिम धरतं, कारण ती आकाशाकडे उष्णता फेकून भोवतालच्या हवेपेक्षाही गार होते. कौलांचंही तेच. मेम्ब्रेन उणे तीनला गेली, की तिच्या आतल्या अंगाला बाष्पदाब ५०० पास्कलच्याही खाली राहतो, बाहेर मात्र ५५०. छिद्रं उघडी आहेत, पण ढकलणारंच कोणी नाही. वर हिमाचा पापुद्रा धरला, की उरलेली वाटही बंद.

म्हणून 'ब्रीदेबल आहे, मग हवा खेळायला झडपा कशाला?' हा युक्तिवाद मला पटत नाही. डांबरी फेल्टच्या काळात वळचणीला दोन्ही बाजूंनी, छपराच्या लांबीभर, दहा मिलिमीटर रुंदीइतकी वाट ठेवायचा नियम होता. इंग्लंडात नव्या घरांना हमी देणारी एनएचबीसी ही संस्था अशा थंड माळ्यासाठी मेम्ब्रेन असली तरी आढ्यापाशी हवेची वाट मागते. नव्या घरात तर ती हवीच, कारण पहिल्या हिवाळ्यात गिलाव्यातलं आणि काँक्रीटमधलं पाणीही वर येत असतं.

बसवणं तसं सोपं, पण त्यात खाचाखोचा आहेत. गुंडाळी वळचणीपासून वर उलगडत जायची, म्हणजे वरचा पट्टा खालच्यावर येतो. उतार ३५ अंश किंवा जास्त असेल तर शंभर मिलिमीटर, कमी असेल तर दीडशे मिलिमीटर एकमेकांवर चढवायचं. दोन वाशांमध्ये कापड किंचित सैल सोडायचं, पंधरा मिलिमीटरपर्यंत. ताठ ताणलं, तर कौलांतून शिरलेलं पाणी रिपेवर तुंबतं आणि खिळ्याच्या भोकातून आत येतं. फार सैल सोडलं, तर वाऱ्याने फुगून कौलांना धडका देतं. जोराच्या वाऱ्याच्या भागात जोड चिकटवावे लागतात; कापड कुठल्या वायुक्षेत्राला चालतं, ते वेष्टणावर छापलेलं असतं. वळचणीच्या टोकाला मात्र मेम्ब्रेन उघडी ठेवायची नाही, अतिनील किरणांनी ती कुजते. तिथे वेगळी टणक पट्टी लागते, जिच्यावरून पाणी थेट पन्हळीत पडेल.

माळ्यावर वटवाघळं राहत असतील, तर निवडीचा सगळा विचार पुन्हा करायचा. त्यांच्या नख्यांनी कापडाचे तंतू ओढले जातात, पिंजतात आणि त्यांतच ती अडकून मरतात. ब्रिटनमध्ये वटवाघळांना कायद्याचं संरक्षण आहे. म्हणून तिथे जुनं डांबरी फेल्टच घालायचं किंवा नख्यांच्या चाचणीत उतरलेली मेम्ब्रेन घ्यायची.

आमच्या घरात मुख्य गुन्हेगार निघाला न्हाणीघराचा पंखा. त्याची नळी कौलांबाहेर जायची ती सांध्यातून निसटून लोकरीवर आडवी पडली होती. म्हणजे चार जणांच्या अंघोळींची वाफ आम्ही रोज सकाळी इमानेइतबारे माळ्यावर पोचवत होतो. नळी पक्की केली, झाकणाला रबरी पट्टी लावली, वळचणीत कोंबलेली लोकर मागे ओढून वाऱ्याला जागा केली. फेब्रुवारीत पुन्हा तशीच निरभ्र रात्र आली. सकाळी टॉर्च घेऊन वर गेलो, तर उत्तरेकडच्या उतारावर थोडं हिम होतं, खिळे कोरडे. आकाशकंदील मात्र जिन्याखालच्या कपाटातच आहे.