बीएमडी (डेक्सा) तपासणीचं प्रशिक्षण : पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज कोणत्या क्रमाने करायचे

एक्स-रे विभागात नव्याने आलेली मुलं-मुली वरचेवर विचारतात, "मॅडम, बीएमडीचा कोर्स कुठे असतो? फॉर्म कधी निघतो?" हाडांची घनता (बोन मिनरल डेन्सिटी, म्हणजे बीएमडी) मोजून ठिसूळपणा ओळखणाऱ्या या तपासणीला मागणी आहे आणि हे काम नीट शिकलेली माणसं कमी आहेत. त्यामुळे प्रश्न रास्त आहे. पण एक फॉर्म भरला, फी भरली आणि बीएमडी टेक्निशियन झालो, असं इथे होत नाही. पायाचं शिक्षण, राज्यातली नोंदणी, किरणोत्सर्ग सुरक्षेची नोंद आणि मग डेन्सिटोमेट्रीचं, म्हणजे हाडांची घनता मोजण्याचं, खास प्रशिक्षण, असा क्रम आहे. हा क्रम उलटा केला की पैसे आणि वर्षं दोन्ही जातात. तसे गेलेले मी पाहिलेत, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

आधी पायाचं शिक्षण

बीएमडी ज्यावर होते ते डेक्सा मशीन दोन वेगवेगळ्या ऊर्जेचे एक्स-रे वापरतं. रुग्णाला मिळणारा डोस अगदी कमी, काही मायक्रोसिव्हर्ट इतकाच असतो. तरी नियमाच्या दृष्टीने ते एक्स-रे मशीनच आहे, आणि भारतात त्यावर अणुऊर्जा नियामक मंडळाचं, म्हणजे आपण ज्याला 'एईआरबी' म्हणतो त्याचं नियंत्रण आहे. या मंडळाची स्थापना 15 नोव्हेंबर 1983 ची, कार्यालय मुंबईत अणुशक्तीनगरच्या नियामक भवनात. मशीन चालवणारी व्यक्ती विज्ञान शाखेतून बारावी झालेली हवी आणि तिने मान्यताप्राप्त संस्थेतून रेडिओग्राफीचा अभ्यासक्रम केलेला हवा. त्या अभ्यासक्रमात रुग्णालयातलं प्रत्यक्ष प्रशिक्षणही असायला हवं.

महाराष्ट्रात यासाठी सरळ रस्ता म्हणजे नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी (पॅरामेडिकल टेक्नॉलॉजीची पदवी), रेडिओग्राफी विषय घेऊन. तीन वर्षांचा अभ्यास आणि एक वर्षाची इंटर्नशिप. इतर विद्यापीठांची बी.एस्सी. रेडिओग्राफी आणि मान्यताप्राप्त डिप्लोमेही आहेत. प्रवेश घेण्याआधी संस्थेला दोन प्रश्न विचारा: अभ्यासक्रमाला मान्यता कोणाची, आणि क्लिनिकल पोस्टिंग कोणत्या रुग्णालयात? उत्तर लेखी मागा. गाळ्यात चालणारे तीन-सहा महिन्यांचे 'एक्स-रे कम बीएमडी' कोर्स या कामाला पुरत नाहीत, हे कोणी कितीही गोड बोलून सांगितलं तरी.

2021 च्या राष्ट्रीय अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्याने हा मुद्दा आणखी पक्का केला आहे. अलाइड हेल्थ प्रोफेशनल म्हणून गणलं जायला किमान 2,000 तासांचं शिक्षण दोन ते चार वर्षांत, आणि हेल्थकेअर प्रोफेशनल म्हणून किमान 3,600 तासांची पदवी तीन ते सहा वर्षांत, अशी व्याख्या त्यात आहे. रेडिओलॉजी आणि इमेजिंगचे तंत्रज्ञ या कायद्याच्या यादीत आहेत. आज प्रवेश घेणाऱ्याने हे तास मोजूनच कोर्स निवडावा.

वयाचीही अट आहे. 2004 च्या किरणोत्सर्ग संरक्षण नियमांनुसार 18 वर्षांखालच्या कोणालाही किरणोत्सर्गी कामावर ठेवता येत नाही. प्रशिक्षणार्थी असेल तर किमान 16. बारावीनंतर लगेच शिकायला लागणाऱ्यांना याची अडचण येत नाही, पण 'मामाच्या सेंटरवर बसून शिकतोय' म्हणणारी कोवळी पोरं मी पाहिली आहेत, त्यांच्या घरच्यांनी हे ध्यानात घ्यावं.

कागदपत्रं : सगळ्यात जास्त अर्ज इथे अडतात

पुढच्या प्रत्येक टप्प्यावर साधारण तेच कागद लागतात. दहावी-बारावीच्या मार्कलिस्ट आणि सनदा, जन्मतारखेसाठी दहावीचं प्रमाणपत्र किंवा शाळा सोडल्याचा दाखला, रेडिओग्राफीच्या प्रत्येक वर्षाची किंवा सेमिस्टरची मार्कलिस्ट, पदवी किंवा डिप्लोमा प्रमाणपत्र, इंटर्नशिप पूर्ण केल्याचं पत्र, आधार, पॅन, रहिवासाचा पुरावा, पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो आणि सही स्कॅन केलेली. नोकरी केली असेल तर अनुभवाचं पत्र लेटरहेडवर, तारखांसह, आणि त्यात कोणत्या मशीनवर काम केलं ते लिहिलेलं. 'सदर व्यक्ती आमच्याकडे काम करत होती, वर्तणूक चांगली' एवढंच लिहिलेलं पत्र फारसं कामाला येत नाही.

आता नावाबद्दल. आपल्याकडे दहावीच्या मार्कलिस्टवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर नाव आधी. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात. मुलींच्या बाबतीत लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतं, डिप्लोमा माहेरच्या नावाचा आणि आधार सासरच्या नावाचं. माझ्या बरोबरीच्या एका मैत्रिणीचा अर्ज केवळ यासाठी दोनदा परत आला. शेवटी विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि महाराष्ट्र शासन राजपत्रातली नावबदलाची प्रत जोडली तेव्हा तो पुढे सरकला. म्हणून नाव बदललं असेल तर राजपत्राचं काम अर्ज भरायच्या आधी उरका. आणि आपलं नाव इंग्रजीत कसं लिहायचं ते एकदा ठरवून सगळीकडे तेच ठेवा. एका कागदावर दीक्षित आणि दुसऱ्यावर दिक्षीत असं झालं, तर परदेशातल्या संस्थेच्या संगणकाला ती दोन माणसं वाटतात.

राज्यातली नोंदणी

महाराष्ट्र पॅरामेडिकल कौन्सिलकडे नोंदणी करा. वर सांगितलेली शैक्षणिक कागदपत्रं, ओळखपत्र आणि शुल्क, अर्ज ऑनलाइन. आपला अभ्यासक्रम कौन्सिलच्या मान्य यादीत बसतो का हे आधी पाहा, फी नंतर भरा. नोंदणीपत्र मिळालं की पीडीएफ जपून ठेवा आणि नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरमध्ये टाका. गोव्यात किंवा दुसऱ्या राज्यात काम करणार असाल तर तिथल्या यंत्रणेची अट स्वतंत्रपणे बघावी लागेल.

एईआरबी आणि ई-लोरा

एईआरबीचं सगळं काम 'ई-लोरा' या ऑनलाइन प्रणालीतून चालतं. इथे दोन अर्ज वेगळे आहेत आणि लोक हमखास गोंधळतात. मशीनची परवानगी काढायची जबाबदारी रुग्णालयाची किंवा सेंटरची. संस्था ई-लोरावर नोंदवायची, मशीनची माहिती भरायची, खोलीचा आराखडा आणि क्वालिटी अ‍ॅश्युरन्सचा अहवाल द्यायचा. यात तुमचा संबंध एवढाच की मशीन चालवायला पात्र माणूस दाखवावा लागतो, आणि तो माणूस तुम्ही असता.

तुमचा स्वतःचा अर्ज 'रेडिएशन प्रोफेशनल' म्हणून नोंदणीचा. शैक्षणिक कागद, जन्मतारखेचा पुरावा, फोटो, ओळखपत्र अपलोड करायचं. मंजुरी मिळाली की संस्था तुम्हाला आपल्या कर्मचाऱ्यांत जोडून घेते. रेडिओलॉजिकल सेफ्टी ऑफिसर, म्हणजे सेंटरमधल्या किरणोत्सर्ग सुरक्षेची जबाबदारी पाहणारा माणूस, म्हणून नेमणूक व्हायची असेल तर ही नोंद लागतेच, आणि छोट्या गावातल्या सेंटरमध्ये ती जबाबदारी बहुतेक वेळा टेक्निशियनकडेच येते. इथे माझी चूक सांगते, तुम्ही करू नका. मी पहिल्यांदा जिथे नोकरीला होते तिथला ऑफिसचा ईमेल माझ्या नोंदणीत दिला. नोकरी सोडली आणि माझ्या खात्याचे मेल तिकडेच जात राहिले. ते परत ताब्यात घ्यायला मला चार महिने पत्रव्यवहार करावा लागला. ईमेल आणि मोबाइल स्वतःचाच द्या.

इतर एक्स-रे कामही करत असाल तर टीएलडी बॅज (अंगावर पडलेला किरणोत्सर्गाचा डोस मोजणारा बिल्ला) संस्थेकडून मिळायला हवा, लेड अ‍ॅप्रनच्या आत छातीवर लावायचा. कामगारासाठी मर्यादा सलग पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात 30. आपल्या डोसच्या नोंदी मागून घ्यायचा तुम्हाला हक्क आहे. नोकरी बदलताना त्या बरोबर न्या.

खरं शिक्षण टेबलापाशी

मशीन बसवताना कंपनीचा अ‍ॅप्लिकेशन स्पेशालिस्ट येतो, मशीन चालवून दाखवतो आणि जातो. बहुतेकांचं डेक्साचं शिक्षण तेवढंच असतं. त्याचंही प्रमाणपत्र नावासह मागून घ्या, पुढे उपयोगी पडतं. पण तेवढ्यावर थांबू नका.

हे मी एवढं पोटतिडकीने का सांगते? एकदा साठी उलटलेल्या एक आजी नऊवारीत आल्या. गाऊन दिला, तर त्यांनी तो साडीवरूनच घातला, संकोचाने. कमरेपाशी जरीच्या काठाची गाठ होती. स्क्रीनवर कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या मणक्यांवर लख्ख पांढरी रेघ उमटली आणि त्या मणक्यांची घनता तरुण बाईसारखी आली. मी रिपोर्ट पुढे पाठवला असता तर आजींना 'हाडं ठणठणीत' असं सांगितलं गेलं असतं. साडी सोडून पुन्हा स्कॅन घेतला आणि आकडा कितीतरी खाली आला. पुरुषांचा चांदीचा करदोटा, परकराची सेफ्टी पिन, सकाळी घेतलेली आणि पोटात न विरघळलेली कॅल्शियमची गोळी, या सगळ्यांनी रिपोर्ट बिघडतो. म्हणून कॅल्शियमची गोळी आदल्या दिवसापासून बंद ठेवायला सांगायची, आणि बेरियमची किंवा आयसोटोपची तपासणी नुकतीच झाली आहे का ते विचारायचं.

मांडीच्या खुब्याचा स्कॅन घेताना पाय 15 ते 25 अंश आत वळवायचा असतो. नुसता पंजा वळवून चालत नाही, अख्खा पाय खुब्यापासून वळला पाहिजे. बरोबर वळला की लेसर ट्रोकॅन्टर हा हाडाचा उंचवटा स्क्रीनवर छोटासा, जेमतेम दिसतो. तो ठळक बाहेर आलेला दिसला तर पाय नीट वळलेला नाही. मग मांडीच्या हाडाच्या मानेचं (फीमोरल नेक) मोजमाप चुकतं, आणि पुढच्या वर्षी पाय बरोबर ठेवला की औषधाने फरक पडला की नुसत्या पायाने, हे डॉक्टरांना कळायला मार्ग उरत नाही.

आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र

डेन्सिटोमेट्रीच्या खास प्रशिक्षणासाठी जगभर मानली जाणारी संस्था म्हणजे इंटरनॅशनल सोसायटी फॉर क्लिनिकल डेन्सिटोमेट्री, आयएससीडी, 1993 पासूनची. हिची दोन प्रमाणपत्रं लक्षात ठेवा. टेक्निशियनसाठी सीबीडीटी, रिपोर्ट वाचणाऱ्या डॉक्टरांसाठी सीसीडी. इंटरनॅशनल ऑस्टिओपोरोसिस फाउंडेशनबरोबर ही संस्था 'ऑस्टिओपोरोसिस इसेन्शियल्स' हा छोटा कोर्सही घेते. कोर्सला बसल्याचं पत्र आणि परीक्षा पास होऊन मिळालेलं सर्टिफिकेशन यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. नावापुढे सीबीडीटी लावायचं असेल तर परीक्षाच द्यावी लागते. बायोडेटात पहिल्याला दुसरं म्हणून लिहू नका, तपासणी झाली की सगळीच विश्वासार्हता जाते. आणि सीबीडीटी असलं तरी भारतात मशीन चालवायचा हक्क त्याने मिळत नाही, त्यासाठी एईआरबीची पात्रताच लागते. म्हणूनच मी हा टप्पा शेवटी ठेवला आहे.

अर्ज संस्थेच्या संकेतस्थळावर खातं उघडून होतो. नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं भरा. फी परकीय चलनात असते, त्यामुळे कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू आहेत का ते बँकेत आधी विचारा.

अभ्यास कुठे करायचा? टी-स्कोअर (निरोगी तरुणांच्या घनतेशी तुलना) आणि झेड-स्कोअर (आपल्याच वयाच्या लोकांशी तुलना) कधी कोणता वापरायचा, हे तोंडपाठ हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1994 च्या निकषानुसार टी-स्कोअर उणे 2.5 किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, उणे 1 आणि उणे 2.5 च्या मध्ये ऑस्टिओपेनिया, म्हणजे घनता कमी पण ऑस्टिओपोरोसिसइतकी नाही. पण पाळी चालू असलेल्या बायका आणि पन्नाशीच्या आतले पुरुष यांच्यासाठी झेड-स्कोअर पाहायचा. त्यानंतर सगळ्यात महत्त्वाचा भाग, प्रिसिजन, म्हणजे त्याच रुग्णाचा स्कॅन पुन्हा घेतला तर आकडा किती जुळतो ते. नव्या टेक्निशियनने साधारण 100 रुग्णांचे स्कॅन केल्यावर स्वतःची अचूकता मोजायची असते. 15 रुग्णांचे प्रत्येकी तीन किंवा 30 रुग्णांचे प्रत्येकी दोन स्कॅन, दर वेळी रुग्णाला टेबलावरून उतरवून पुन्हा झोपवून, अर्थात त्यांना समजावून आणि संमती घेऊनच. कण्याच्या स्कॅनमध्ये तुमची चूक 1.9 टक्क्यांहून जास्त नको. तिला 2.77 ने गुणलं की 5.3 टक्के येतात, म्हणजे त्यापेक्षा कमी बदल हा खरा बदल धरायचा नाही. समजा एका काकूंची कण्याची घनता गेल्या वर्षी 0.850 होती, यंदा 0.830 आली. घट अडीच टक्क्यांच्या आतली. 'हाडं आणखी झिजली' म्हणून औषध बदलायचं हे कारण नव्हे. हा हिशेब ज्याला येत नाही त्याने दोन वर्षांचे रिपोर्ट शेजारी ठेवून रुग्णाला काही सांगू नये. दोन वेगळ्या कंपन्यांच्या मशीनवरचे आकडेही असे थेट जोडून पाहायचे नसतात.

मोफत शिबिरांत टाच ठेवून जी तपासणी होते ती अल्ट्रासाउंडची. ती घेता आली म्हणजे डेक्सा येतं असं नाही, आणि उणे 2.5 चा निकषही त्या आकड्याला लागू होत नाही.

सीबीडीटीची मुदत पाच वर्षांची. नंतर पुन्हा परीक्षा किंवा शिक्षणाचे क्रेडिट गोळा करून नूतनीकरण. क्रेडिटची पत्रं ज्या दिवशी मिळतील त्याच दिवशी एका फोल्डरमध्ये टाकत जा. आखाती देशांत जायचं असेल तर हीच सगळी कागदपत्रं डेटाफ्लो या कागदपत्रं तपासणाऱ्या कंपनीच्या पडताळणीला जातात. ते थेट तुमच्या विद्यापीठाला आणि जुन्या नोकरीच्या ठिकाणी विचारतात, तेव्हा अनुभवपत्रावर सही करणाऱ्यांना आधी कल्पना देऊन ठेवा. अमेरिकेत एआरआरटी या रेडिओग्राफी तंत्रज्ञांना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचं बोन डेन्सिटोमेट्रीचं वेगळं सर्टिफिकेशन आहे, पण ते आधी रेडिओग्राफीसारख्या मूळ विषयाचं सर्टिफिकेशन असलेल्यांनाच घेता येतं.