कौलारू छपराखाली जपलेली ट्रूडोसची चित्रं

लांबून पाहिलं तर ते चर्च आहे असं वाटतच नाही. दगडाच्या बुटक्या भिंती, त्यावर थेट खाली उतरलेलं कौलांचं तीव्र उताराचं छप्पर, ना मनोरा ना कोरीवकाम. गवत किंवा गुरं ठेवायची जागा असावी असंच कुणालाही वाटेल. बुटक्या दारातून वाकून आत गेलं की आधी नुसता अंधार दिसतो. डोळे सरावले की भिंतींवरून, कमानींवरून, पार वरच्या तुळयांपर्यंत संतांचे चेहरे हळूहळू उमटू लागतात.

सायप्रस बेटाच्या मध्यभागी ट्रूडोस डोंगररांग आहे. तिच्या खोऱ्यांमध्ये अशी चर्च विखुरलेली आहेत. १९८५ साली युनेस्कोने त्यातल्या नऊ चर्चचा जागतिक वारशात समावेश केला, २००१ मध्ये पालेखोरी गावच्या दहाव्याची भर पडली. यातली बहुतेक गावं लहान आहेत. काही ठिकाणी चर्चची किल्ली अजूनही गावच्या पाद्रीबुवांकडे किंवा राखणदाराकडे असते, आणि ते आले की दार उघडतं.

ही चित्रं इथेच, डोंगरात का निर्माण झाली, हे समजायला बेटाचं राजकारण पाहावं लागतं. अकराव्या-बाराव्या शतकात सायप्रस बायझंटाइन साम्राज्यात होतं; त्याची राजधानी कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचं इस्तंबूल. निकितारी गावाजवळचं असिनू चर्च त्या काळातलं. निकिफोरोस नावाच्या अधिकाऱ्याने ते बांधवलं आणि ११०५-०६ मध्ये आतून रंगवून घेतलं. तो चर्चची छोटी प्रतिकृती हातात घेऊन उभा आहे आणि मारियामातेच्या मध्यस्थीने ती येशूला अर्पण करतो आहे, असं चित्र दक्षिणेकडच्या भिंतीवर आहे. पुढच्या दालनातली चित्रं मात्र नंतरची, त्यातली बरीचशी १३३२-३३ ची. तिथल्या एका कमानीखाली शिकारी कुत्रे आणि सायप्रसची रानमेंढरंही रंगवलेली आहेत. एवढ्या गंभीर संतमेळ्यात आपल्या डोंगरातली जनावरं घालावीत असं त्या चित्रकाराला वाटलं, याचं मला फार अप्रूप आहे.

११९१ मध्ये इंग्लंडचा राजा रिचर्ड तिसऱ्या धर्मयुद्धाला निघाला असताना त्याने हे बेट जिंकलं. पुढच्याच वर्षी ते फ्रेंच लुझिन्यां घराण्याकडे गेलं. त्याच ११९२ च्या डिसेंबरात लागुदेरा गावच्या ‘पानायिया तू अराका’ (पानायिया म्हणजे मारियामाता) या चर्चमधली चित्रं पुरी झाली. साल तिथल्या भिंतीवर रंगवलेल्या मजकुरातच आहे. राज्य हातचं गेलं, पण हात कॉन्स्टँटिनोपलच्या वळणाचाच राहिला: लांबसडक देह, वाऱ्याने फिरावेत तसे वस्त्रांचे वळसे. इथल्या मारियामातेच्या कुशीत बाळ आडवं झालेलं आहे आणि दोन बाजूंचे देवदूत त्याला पुढे ज्यांनी यातना व्हायच्या ती साधनं घेऊन उभे आहेत. मूल अजून मांडीवर आहे आणि त्याचा मृत्यू समोर येऊन ठाकला आहे. या डोंगरातल्या साऱ्या चित्रांत मला हेच सर्वांत जिव्हारी लागणारं वाटतं.

नव्या राज्यकर्त्यांचा धर्मपंथ रोमन कॅथलिक, रयत ग्रीक ऑर्थोडॉक्स. १२६० च्या पोपच्या आज्ञापत्राने बेटावरच्या ऑर्थोडॉक्स बिशपांची संख्या चारवर आणली आणि त्यांना शहरांबाहेर वसवलं. निकोसियाच्या बिशपाला मिळालं सोलेआ खोरं, म्हणजे आजच्या काकोपेत्रिया आणि गलाता गावांचा मुलूख. शहरांत गॉथिक धाटणीची कॅथेड्रल उभी राहत होती आणि ऑर्थोडॉक्स परंपरा डोंगरात सरकत होती. चर्च बांधणारेही आता बडे अधिकारी कमी, गावचे पाद्री आणि खातेपिते शेतकरी जास्त. म्हणून चर्च लहान झाली. घुमटाचा खर्च परवडणारा नव्हता, आणि हिवाळ्यात इथे बर्फ पडतो. त्यामुळे पाइनच्या लाकडाचा सांगाडा आणि त्यावर चपटी कौलं, असं छप्पर रूढ झालं. मुतुल्लास गावचं १२८० चं चर्च या धाटणीचं जुनं उदाहरण. जुन्या घुमटांवरही मग असंच दुसरं छप्पर चढलं. काकोपेत्रियाजवळच्या संत निकोलसला तर लोक ‘छपराचा निकोलस’ म्हणूनच ओळखतात.

चित्रं टिकली ती याच छपरामुळे. ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर पाण्यात कालवलेला रंग लावला, की चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून कडक होतो आणि रंग त्यातच बंदिस्त होतो. फ्रेस्को म्हणतात ते याला. आपल्याकडे अजिंठ्याच्या चित्रांनाही सर्रास फ्रेस्को म्हणतात, पण ती वाळलेल्या गिलाव्यावर रंगवलेली असल्याने तंत्र वेगळं आहे. गिलाव्याचा मोठा शत्रू म्हणजे ओल. इथे दोन्ही बाजूंना खोल उतरलेलं छप्पर पागोळ्या भिंतीपासून लांब टाकतं, आणि कित्येक ठिकाणी मूळ भिंतीभोवती आणखी एक भिंत घालून पडवीसारखी जागा केली आहे.

१४८९ मध्ये बेट व्हेनिसकडे गेलं आणि चित्रांत इटलीचा वारा शिरला. गलाताच्या १५०२ च्या ‘पानायिया पोदिथू’ चर्चमध्ये पश्चिमेच्या त्रिकोणी भिंतीवर क्रूसारोहणाचा प्रसंग आहे: माणसांची दाटी, हालचाल आणि दुःख तिथे अगदी उघडं आहे. कालोपानायोतिस गावी तीन चर्च एकमेकांना चिकटून एकाच अजस्र छपराखाली आहेत. त्यातल्या एकात, इटालियन वळणाच्या चित्रांत, मारियामातेचं चोवीस कडव्यांचं ग्रीक स्तोत्र रंगवलं आहे. पंथांची भांडणं चालू असतानाच एकाच छताखाली हे सारं मिसळत होतं.

१५७१ मध्ये ओटोमन सत्ता आली आणि असं मोठं काम जवळपास थांबलं. पुढची शतकं दिव्यांची, मेणबत्त्यांची काजळी चित्रांवर साचत राहिली. १९६० च्या दशकात असिनू आणि लागुदेरा इथे अमेरिकेतल्या डम्बार्टन ओक्स संस्थेच्या मदतीने साफसफाई आणि जतनाचं काम झालं, तेव्हा खालचे रंग पुन्हा दिसले.

पेदुलास गावच्या १४७४ च्या मायकेल देवदूताच्या चर्चमध्ये उत्तरेकडच्या दाराच्या वर एक कुटुंब उभं आहे. वासिलिओस हा गावचा पाद्री, त्याची बायको आणि दोन मुली. तो आपलं चर्च देवदूताच्या हाती देतो आहे. चित्रकाराचं नावही तिथल्या भिंतीवरच्या मजकुरात आहे: मिनास. तोही याच मारथासा खोऱ्यातला.