आठ अक्षरं, नववी जागा

लोअर परळच्या एका ऑफिसात रात्री दोनला एक पायथन स्क्रिप्ट चालते. एचआरची सीएसव्ही फाइल वाचायची, कंपनीच्या डिरेक्टरीतल्या, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या मध्यवर्ती यादीतल्या, नोंदींशी ताडायची, फरक दिसला की नोंद बदलायची. ती माझ्याकडे आली तेव्हा कुणाची बदली नाही, बढती नाही, तरी तीच माणसं रोज लॉगमध्ये ‘बदलली’ म्हणून यायची. विभाग इथेही ‘अकाउंट्स’, तिथेही ‘अकाउंट्स’. शेवटी लांबी छापली. इंग्रजीत अक्षरं आठ, फाइलमध्ये नऊ. शेपटीला नॉन-ब्रेकिंग स्पेस होती: दिसायला साध्या मोकळ्या जागेसारखी, पण संगणकाला वेगळं चिन्ह. लिहिताना आम्ही ट्रिम करत (कडेच्या मोकळ्या जागा कापत) होतो, ताडताना नाही!

डिरेक्टरीवाल्यांनी हा घोळ फार आधी ओळखला होता. 1988च्या एक्स.500 या डिरेक्टरींच्या मानकातच नोंदीतल्या प्रत्येक अ‍ॅट्रिब्यूटला (नाव, फोन अशा रकान्याला) ‘मॅचिंग रूल’, म्हणजे ताडण्याचा नियम, जोडायची सोय होती: नाव ताडताना लहान-मोठं अक्षर बघू नका, टेलिफोन नंबरातल्या मोकळ्या जागा सोडून द्या. 1993 साली मिशिगन विद्यापीठात तयार झालेल्या एलडॅपने, म्हणजे डिरेक्टरीशी बोलायच्या प्रोटोकॉलने, हेच पुढे नेलं. 2006च्या आरएफसी 4518 या एलडॅपच्या नियमपत्राने तर ताडण्याआधी मजकूर कसा धुऊन घ्यायचा तेही सांगितलं: नॉन-ब्रेकिंग स्पेस साधी समजा, अदृश्य चिन्हं गाळा, युनिकोडचं नॉर्मलायझेशन करा, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी सांकेतिक रूपं एक करा.

स्क्रिप्टना मात्र यातलं काही ठाऊक नसतं. त्याच 2006मध्ये आलेल्या पॉवरशेल या मायक्रोसॉफ्टच्या स्क्रिप्ट-भाषेतलं ‘ईक्यू’ (दोन गोष्टी सारख्या का, हे बघणारं) लहान-मोठं अक्षर बघत नाही; काटेकोर तुलनेसाठी ‘सीईक्यू’ लिहावं लागतं. पायथन मुळातच काटेकोर. एकातली स्क्रिप्ट दुसऱ्यात उतरवली की तुलना गुपचूप बदलते.

1995च्या नामांतराआधीच्या नोंदींत शहर ‘बॉम्बे’च राहिलंय, पण त्याला नॉर्मलायझेशन काय करणार? तिथे सरळ जुन्या-नव्या नावांचा तक्ता लागतो.

खरी गंमत देवनागरीत. ‘कऱ्हाडकर’ दोन तऱ्हांनी टाइप होतं: ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि झिरो विड्थ जॉइनर हे अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर फरक शून्य. नॉर्मलायझेशननेही दोन्ही एक होत नाहीत. त्यावर आरएफसीच्या नियमाने जॉइनर गाळला, तर दुसऱ्यात उरतो रफार, म्हणजे ‘कर्हाडकर’. (हे आडनाव असलेल्या माणसाला ते दाखवून बघा.)

आता कुणाची नोंद कुठली हे स्क्रिप्ट कर्मचारी क्रमांकावरून जुळवते. नावांच्या दोन्ही बाजू एकाच फंक्शनमधून जातात, आणि त्यात पहिली ओळ कऱ्हाडकरांसाठी आहे.